'तोतोरो' पहिल्यांदाच पाहिला. मेईची आई घरी येते का हो?

पारिजातक

रविवारी दुपारी इकडे धो धो पाऊस. लाइट दोनदा जाऊन आली. खाली खेळायला सोडणं शक्य नव्हतं, म्हणून लेकीला (वय साडेपाच) मांडीवर घेतलं आणि 'माय नेबर तोतोरो' लावला. नाव कॉलेजात असल्यापासून ऐकत होते, पण पाहायचा राहूनच गेला होता. जपानी कार्टून म्हणजे आमच्याकडे डोरेमॉन आणि शिनचॅन. त्यापलीकडे आम्ही कधी गेलोच नव्हतो.

ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी: १९५०च्या दशकातलं जपान. सात्सुकी दहा-अकरा वर्षांची आणि मेई चार वर्षांची, अशा दोघी बहिणी बाबांबरोबर खेड्यातल्या एका मोडकळीला आलेल्या घरात राहायला येतात. आई तिकडच्याच एका हॉस्पिटलात आहे. घरामागे रान, रानात कापराचं अवाढव्य झाड आणि झाडाच्या पोटात तोतोरो. बास, एवढीच गोष्ट. दुष्ट माणूस नाही, लढाई नाही, खजिना नाही. ८६ मिनिटांत संपतो.

मी बसले होते लेकीला सोबत म्हणून. पंधराव्या मिनिटाला मीच जागची हलेना. सुरुवातच बघा. तीनचाकी टेम्पोत सामान खच्चून भरलंय, पोरी मागे टेबलाखाली दडून बसल्यात. समोरून सायकलवाला येतो. सात्सुकीला वाटतं पोलीस, ती मेईला खाली ओढते. तो पोलीस नसतो, मग दोघी उठून त्याला हात करतात. आम्ही साताऱ्याहून कराडला घर हलवलं तेव्हा मी अशीच गाद्यांच्या वळकट्यांवर बसून आले होते, आणि आईने बजावलं होतं, नाका आला की खाली वाक. तीस वर्षांत ही गोष्ट मला एकदाही आठवली नव्हती.

मग तो झाडाचा प्रसंग. मेई तोतोरोला भेटते आणि बाबांना, ताईला दाखवायला घेऊन जाते, तर वाटच सापडत नाही. ते दोघं हसतात. मेई रडवेली होऊन म्हणते, मी खोटं नाही बोलत. इथे माझ्या पोटात कालवलं, कारण आता मोठी माणसं काय म्हणणार ते मला पाठ होतं. 'झोपेत दिसलं असेल, चला जेवायला.' पण बाबा म्हणतात, खोटं कोण म्हणतंय, तुला रानाचा धनी भेटला असणार, आणि तो काही दरवेळी भेटत नसतो. मग तिघं जण त्या मोठ्या झाडाखाली जातात. बाबा ताठ उभे राहतात आणि कमरेतून वाकून झाडाला म्हणतात, आमच्या मेईला सांभाळलंत, पुढेही लक्ष असू द्या. पोरीही वाकतात. मी तो तुकडा मागे नेऊन पुन्हा पाहिला.

आता माझी अडचण. माझ्या आईचं दीड महिन्यापूर्वी ऑपरेशन झालं. आता ती भावाकडे आहे, बरी आहे. लेकीला आम्ही 'आजी गावाला गेलीय' असं सांगितलं होतं. सिनेमाच्या शेवटी त्या दोघी हॉस्पिटलच्या बाहेर झाडावर बसून आईला नुसतं लांबून बघतात, खिडकीत मक्याचं कणीस ठेवतात आणि परत फिरतात. गाणं सुरू झालं, तशी ॲपने चौकट कोपऱ्यात बारीक केली आणि भलतंच काहीतरी लावलं. मी टीव्ही बंद केला.

तेव्हापासून लेक दिवसातून चारदा विचारते, "मेईची आई घरी आली?" मी म्हटलं, येईल ना. तर माझ्याकडे बघून म्हणाली, "म्हणजे ती पण गावाला गेलीय?"

ज्यांना माहीत असेल त्यांनी सांगा. येते का ती घरी?

रानपाखरू

येते! येते!! शेवटी नावं येतात ना, त्या पाट्यांबरोबर चित्रं आहेत, त्यात पुढची सगळी गोष्ट आहे. मी इथे सांगत नाही, लेकीला घेऊन बघ. ॲपने चौकट बारीक केली की त्या बारीक चौकटीवर टॅप करायचं, परत मोठी होते. घाई कर, पोर वाट बघतेय.

तिखटमीठ

सगळ्यांना इतका का आवडतो ते मला खरंच समजून घ्यायचंय. मी गेल्या वर्षी पाहिला. अर्धा तास झाला तरी काही घडेना. घर झाडलं, आंघोळी केल्या, काकड्या खाल्ल्या. तोतोरो सगळा मिळून किती वेळ दिसतो? चित्रं सुंदर आहेत, त्याबद्दल वाद नाही. पण गोष्ट कुठे आहे? आणि दुसरं म्हणजे, चार वर्षांची मुलगी एकटी रानात शिरते आणि बाप टेबलावर वाचत बसलाय. माझा मुलगा त्याच वयाचा आहे. मला तो माणूस बेजबाबदार वाटला.

आगगाडी

पारिजातकताई, मी जपानात, तोकोरोझावा शहरापासून चार स्टेशनांवर राहतो, त्यामुळे हा धागा पाहून राहवलं नाही. थोडं लांबेल.

सिनेमातला भाग म्हणजे तोकियोच्या वायव्येला असलेल्या सायामा टेकड्या. सिनेमाचे दिग्दर्शक मियाझाकी स्वतः तोकोरोझावाचे रहिवासी. आज इथे स्टेशनाबाहेर उंच इमारती आहेत, पण वीस मिनिटं सायकल मारली की चहाचे मळे लागतात (सायामाचा चहा इथे नावाजलेला आहे) आणि मग रान. ते रान टिकलंय त्यात या सिनेमाचा मोठा हात आहे. आजूबाजूला घरांच्या वसाहती पसरत चालल्या होत्या, तेव्हा १९९० साली लोकांनी 'तोतोरोच्या गावा'च्या नावाने एक निधी उभारला आणि वर्गणी काढून रानाचे तुकडे विकत घ्यायला सुरुवात केली. पहिला तुकडा १९९१ साली घेतला. आता असे पन्नासच्या वर तुकडे आहेत, प्रत्येकावर 'तोतोरोचं रान क्रमांक अमुक' अशी पाटी. काही इतके लहान आहेत की पाच मिनिटांत चालून होतात. पहिल्यांदा गेलो तेव्हा काहीतरी भव्य असेल असं वाटलं होतं. ओक, बांबू, खाली पानांचा खच. मुलाने खिसे भरून ओकची फळं गोळा केली, सिनेमात मेई घरात वेचते तीच.

हॉस्पिटलचं नाव सिनेमात शिचिकोकुयामा, म्हणजे सात प्रांतांचा डोंगर. खरी टेकडी जवळच आहे, तिचं नाव हाचिकोकुयामा. आठ प्रांतांचा डोंगर. सिनेमासाठी एक प्रांत कमी केला. त्या टेकडीच्या पायथ्याशी पूर्वी क्षयरोग्यांचं हॉस्पिटल होतं.

उच्चाराचं सांगतो, कारण इंग्रजी स्पेलिंगमुळे आपल्याकडे सगळे 'टोटोरो' म्हणतात. जपानीत तो आपला त आहे, तोतोरो. मेईला पुस्तकातला 'तोरोरु' म्हणजे ट्रोल म्हणायचं असतं, बोबडं बोलून तिचं तोतोरो होतं. आणि सात्सुकीमधला 'त्सु' हिंदीवाल्यांना अवघड जातो, पण मराठी माणसाला तो जन्मतःच येतो. 'चूल' म्हणताना जो च निघतो, तोच. पुण्यात जपानी शिकताना आमच्या बाईंनी पहिल्याच तासाला हे सांगितलं होतं. सात्सुकी हे पाचव्या महिन्याचं जुनं जपानी नाव, आणि मेई म्हणजे इंग्रजी मे. दोघींचं नाव एकच झालं! मुळात मियाझाकींच्या डोक्यात एकच मुलगी होती, तिच्या पुढे दोघी केल्या. पोस्टर नीट बघा, बस स्टॉपवर तोतोरोशेजारी छत्री घेऊन एकच मुलगी उभी आहे, ती ना सात्सुकी ना मेई.

सह्यवेडा

आगगाडी, सुंदर माहिती. वर्गणी काढून रान विकत घेतलं हे माहीत नव्हतं.

त्या झाडाला जाड दोर बांधलेला आहे तो पाहिलात का? वळलेला, कागदाच्या घड्या लटकवलेला. जपानात जिथे देवाचं ठाणं आहे असं मानतात तिथे तो बांधतात. बुंध्याशी छोटं देऊळही आहे. मी वेल्हे-मुळशीकडच्या देवरायांत बरीच वर्षं भटकतोय, त्यामुळे मेई ज्या झुडपांच्या बोगद्यातून रांगत जाते ना, तिथे मला एकदम ओळखीचं वाटलं. देवराईत शिरताना उजेड असाच बदलतो. आणि बाबा झाडाला नमस्कार करतात तो तर आमच्या गाववाल्याने केल्यासारखा. बिनशब्दांचा नव्हे, बोलून. आमच्याकडेही बोलतातच, 'पोरं आलीत बाबा, सांभाळ.'

ही पार्श्वभूमीची चित्रं काझुओ ओगा यांची. गवताच्या जातीसुद्धा ओळखू येतात अशी काढलीत. सकाळचं ऊन, चारची उन्हं, सांजावताना शेताच्या बांधावरचा प्रकाश, प्रत्येकाचा हिरवा वेगळा. ओढ्याच्या तळाशी क्षणभर एक बाटली पडलेली दिसते, तीही काढलीय. खरा ओढा पाहिलेल्या माणसालाच ते सुचतं.

थोरली

तिखटमीठ, तुमचा प्रश्न योग्य आहे. मला उत्तर द्यावंसं वाटतंय, पण तोतोरोवरून नाही. सात्सुकीवरून.

आम्ही चार भावंडं, मी थोरली. माझ्या दहाव्या वर्षी आई सहा महिने अंथरुणाला खिळलेली होती. मला कुणी सांगितलं नव्हतं की आता तू बघ. कोण सांगतं? एक दिवस धाकट्याची वेणी... चुकलं, धाकटीची वेणी मी घातली, दुसऱ्या दिवशी डबा भरला, आणि मग ते माझंच काम झालं. बाबा फार चांगले होते. त्यांना दिसत नव्हतं एवढंच.

सिनेमात एका सकाळी बाबांना जाग येत नाही. सात्सुकी उठून चुलीपाशी उभी आहे, सगळ्यांचे डबे भरतेय, भात, वर खारवलेलं लाल फळ, मासा. मेईला नवीन डबा मिळाल्याचा आनंद. सात्सुकी हसतेय, घाईत आहे, मैत्रीण बाहेरून हाक मारतेय. कुठेही करुण संगीत नाही. पहिल्यांदा पाहताना ते गोड वाटतं. दुसऱ्यांदा पाहताना मी फक्त तिचे हात बघत होते.

मग हॉस्पिटलात आई तिचे केस विंचरते. मेईची मध्येच लुडबुड, मला पण, मला पण. आई म्हणते तुझे केस थोडे आखूड झालेत का? सात्सुकी काही क्षण फक्त मुलगी असते. आख्ख्या सिनेमात तिच्या डोक्यावरून कुणी हात फिरवण्याची जागा ती एवढीच.

म्हणून जेव्हा तार येते, आईला शनिवारी घरी येता येणार नाही असं कळतं, आणि मेई हट्टाला पेटते, तेव्हा सात्सुकी ओरडते की आई मेली तरी चालेल का तुला. इतका वेळ कुणीच न उच्चारलेला शब्द ती उच्चारते. आणि नंतर शेजारच्या आजीपुढे तोंड वाकडं करून, आ वासून रडते, लहान मुलीसारखी. कारण ती लहान मुलगीच आहे. मेई ते दारातून बघते. ताई रडू शकते हे तिला तोवर माहीतच नसतं. त्यानंतर ती कणीस उचलते आणि चालायला लागते.

तिखटमीठ, काही घडत नाही असं म्हणालात. माझ्या मते हे घडतं. ते घर झाडण्यात आणि काकड्या खाण्यातच चाललेलं असतं, म्हणून पहिल्या वेळी नजरेतून सुटतं.

रानपाखरू

थोरलीताई 🙏

सांजसकाळ

बाबांची बाजू मांडतो. मीही सध्या एकट्याने दोन मुलं सांभाळतोय, कारण सांगत बसत नाही.

तो माणूस दमलेला आहे. विद्यापीठात शिकवतो, घरी बसून लिहितो, बायको आजारी, नवीन गाव. मेईवर लक्ष ठेवायला कमी पडतो, हे खरं. पण मुलांना भीती वाटते तेव्हा तो काय करतो ते पाहा. पहिल्या रात्री वादळी वारा सुटलाय, जुनं घर करकरतंय, तिघं न्हाणीत आहेत. लोखंडी टाकी, खालून जाळ. आमच्या आजोळी तांब्याचा बंब होता, त्याची आठवण झाली. छपराचा आवाज होतो, मेई चिकटून बसते, बाबाही क्षणभर गप्प होतो. आणि मग मोठ्याने हसायला लागतो. हसा, हसलं की भीती पळते. दोघी आधी त्याच्याकडे बघतात, मग पाणी उडवत, गुदगुल्या करत तिघंही खोटं हसता हसता खरं हसायला लागतात.

तो 'घाबरायचं काय त्यात' म्हणत नाही. भीती आहे हे मान्य करतो. आमच्याकडे परवा रात्री लाइट गेली तेव्हा मी हे करून पाहिलं. धाकटा तीन मिनिटांत हसायला लागला. मोठीला वेळ लागला.

कंदील

माझं वय ७१. नातवाबरोबर हा सिनेमा दोन वर्षांपूर्वी पाहिला. आगगाडी यांनी क्षयाच्या हॉस्पिटलचा उल्लेख केला म्हणून लिहितो.

१९६१ साली मी सात वर्षांचा होतो. आईला क्षय झाला आणि ती गावाबाहेरच्या सॅनेटोरियममध्ये जवळपास वर्षभर होती. आम्हां मुलांना सांगितलं होतं, हवापालट करायला गेली. मुलांना आत सोडत नसत. रविवारी वडील सायकलवर पुढे मला आणि मागे बहिणीला बसवून न्यायचे. आम्ही तारेच्या कुंपणाबाहेर निलगिरीखाली उभे राहायचो. ठरल्या वेळी आई वऱ्हांड्यात यायची. अंतर एवढं की चेहरा नीट दिसत नसे. पदर ओळखायचो. ती हात वर करायची, आम्ही करायचो. एकदा मी खिशातून बोरं नेली होती. वडिलांनी ती वॉर्डबॉयकडे दिली. तिला पोचली की नाही हे मी तिला कधी विचारलं नाही, आणि आता ती नाही.

शेवटी त्या दोघी झाडावर बसून आईला खिडकीत हसताना बघतात आणि आत न जाता परततात, तेव्हा नातू म्हणाला, "आजोबा, आत का नाही गेल्या?" मला उत्तर देता आलं नाही. खिडकीवर ठेवलेलं कणीस बाबा आईला दाखवतात आणि त्यावर 'आईला' असं कोरलेलं असतं. तेवढं मला पुरलं. पोचलं तिला.

दिग्दर्शक मियाझाकी यांचा जन्म १९४१चा. ते लहान असताना त्यांच्या आईला मणक्याचा क्षय झाला होता आणि त्या कित्येक वर्षं अंथरुणावर होत्या, हे मी नंतर वाचलं. सिनेमात आजाराचं नाव कुठेही येत नाही. मुलांना ते सांगितलेलं नाही, म्हणून आपल्यालाही नाही.

पारिजातक

कंदीलकाका, दोनदा वाचलं. आता ऑफिसात आहे. रात्री लिहिते.

मध्यरात्र

इथे कुणी लिहिलं नाही म्हणून विचारतो. नेटवर बऱ्याच ठिकाणी असं आहे की त्या मुली प्रत्यक्षात मेलेल्या असतात, तोतोरो म्हणजे मृत्यूची देवता, शेवटी शेवटी मुलींच्या सावल्याच दिसत नाहीत वगैरे. मेई हरवते तेव्हा तळ्यात सापडलेली सँडल तिचीच असते म्हणे. लहान मुलांना दाखवण्याआधी पालकांना हे माहीत असावं असं वाटतं.

आगगाडी

मध्यरात्र, ही अफवा जपानातही इतकी पसरली होती की २००७ साली सिनेमा बनवणाऱ्या स्टुडिओ घिबलीला जाहीरपणे सांगावं लागलं की यात काहीही तथ्य नाही. सावल्यांचं उत्तरही त्यांनी दिलंय: त्या दृश्यांत सावल्या काढायची गरज वाटली नाही म्हणून काढल्या नाहीत, एवढंच. आणि सँडल बघून सात्सुकी स्वतः सांगते की ही मेईची नाही. सगळा गाव बांबू घेऊन तळं ढवळतोय, आजी ती सँडल दोन्ही हातांत धरून जप करत बसलीय, सात्सुकी धावत येते, बघते, आणि मान हलवते. बहीण बहिणीची चप्पल ओळखणार नाही?

मला या अफवेचा राग येतो, मनापासून सांगतो. ज्या सिनेमाने मुलांना एवढं जपून नेलं आणि सुखरूप आणलं, त्यात मुद्दाम मरण शोधायचं कशाला?

मरणाचा सिनेमा वेगळा होता. १६ एप्रिल १९८८ रोजी तोतोरो जपानात लागला तो ईसाओ ताकाहाता यांच्या 'काजव्यांचं थडगं' या सिनेमाबरोबर, एकाच तिकिटात दोन. तोही घिबलीचाच. १९४५चं कोबे शहर, बॉम्बवर्षाव, अनाथ भाऊ-बहीण. थोर सिनेमा आहे, पण चित्रं सारखी दिसतात म्हणून चुकूनही लहान मुलांना लावू नका. मी स्वतः दुसऱ्यांदा बघू शकलेलो नाही.

तिखटमीठ

थोरली, सांजसकाळ, तुमचं वाचून काल रात्री बस स्टॉपचा प्रसंग पुन्हा पाहिला. आख्खा सिनेमा अजूनही मला संथच वाटतो, ते मत बदललेलं नाही. पण या प्रसंगाबद्दल बोलायचंय.

पाऊस आहे, अंधार पडलाय, दोघी बाबांसाठी छत्री घेऊन उभ्या. बस येते. बाबा उतरत नाहीत. बस जाते. मेईला झोप येते, सात्सुकी तिला पाठीवर घेते, एका खांद्याने छत्री पेलते. बराच वेळ कुणी बोलत नाही. पाण्याच्या थेंबांचा आवाज, बेडूक. मग छत्रीच्या कडेखालून नखं असलेले मोठे पाय येऊन शेजारी उभे राहतात. ती हळूहळू छत्री वर करते. त्याच्या डोक्यावर एक पान आहे फक्त. आणि घाबरून पळण्याऐवजी ती बाबांची छत्री त्याला देते, कशी धरायची ते दाखवते!

वीस वर्षांपूर्वी मी रोज संध्याकाळी एसटी स्टँडवर वडिलांची वाट बघायचो. शेवटची गाडी आली आणि त्यात ते नसले की पोटात जे व्हायचं, ते या प्रसंगात आहे. पहिल्या वेळी मी बहुतेक मोबाइल बघत होतो.

थोरली

तिखटमीठ, आणि तोतोरो उडी मारतो तेव्हा झाडावरचे सगळे थेंब एकदम छत्र्यांवर कोसळतात, तेव्हा त्याला काय आनंद होतो! पहिल्यांदाच छत्री मिळालेल्या माणसाचा आनंद.

कांताबद्दलही बोला कुणीतरी. तो शेजारचा मुलगा. आधी 'भुताचं घर' म्हणून चिडवतो, मग पावसात अडकलेल्या दोघींना काही न बोलता स्वतःची फाटकी छत्री देऊन भिजत पळतो. घरी जाऊन आईला सांगतो, विसरलो छत्री. आईचा मार खातो पण खरं सांगत नाही.

शेवगा

आम्ही इंग्रजीत पाहावा की जपानीत? मुलगा सात वर्षांचा, मराठी माध्यम, सबटायटल्स भराभर वाचता येत नाहीत.

आगगाडी

जपानीत लावा आणि तुम्ही शेजारी बसून मराठीत सांगत राहा. संवाद फार नाहीत. मेईचं बोबडं बोलणं, आजीची गावाकडची बोली, हे मूळ आवाजात ऐकण्यासारखं आहे. संगीतकार हिसाइशींचं संगीत तर भाषेवाचून कळतं. सुरुवातीचं 'चाला चाला' गाणं इथे बालवाडीत सगळ्या मुलांना पाठ असतं. ते रिएको नाकागावा या बालसाहित्यिकेने लिहिलंय. मुलगा सध्या दिवसभर तेच म्हणत असतो.

शेवगा

धन्यवाद. मी 'मराठी धावतं समालोचन' पद्धतीने लावतो.

सह्यवेडा

शेवगा, बिया उगवण्याचा प्रसंग आला की मुलाला उठून करू द्या. रात्री तोतोरो आणि पोरी वाफ्याभोवती उकिडवं बसतात, हात जोडून वर उठतात, आणि जमिनीतून कोंब टचकन बाहेर. माझी भाची मेथीच्या कुंडीपुढे हे करते. तिसऱ्या दिवशी मेथी उगवते आणि तिला ते आपल्यामुळेच वाटतं. सकाळी उठून पाहतात तर रात्रीचं गगनचुंबी झाड नाही, पण वाफ्यात कोंब खरेच आलेले असतात. स्वप्न होतं, पण स्वप्न नव्हतं, असं त्या ओरडत नाचतात.

पारिजातक

सगळ्यांना उत्तर द्यायचंय, पण आधी हे.

काल रात्री लेकीला घेऊन फक्त शेवट लावला. चौकट बारीक झाली, मी टॅप केलं, मोठी झाली. रानपाखरू, तुझे किती आभार मानू. पहिल्या काही चित्रांतच टॅक्सी येऊन थांबते आणि आई घरी येते. लेक जी उठून उभी राहिली! "आली! मेईची आई आली!" पुढे आई दोघींबरोबर न्हाणीत आहे. मग अंथरुणात दोघींच्या मध्ये पडून पुस्तक वाचून दाखवतेय, तीन बोकडांची गोष्ट, आणि त्यात तो ट्रोल. आगगाडी, तुम्ही सांगितलं नसतं तर हे मला कळलंच नसतं. मग मेई तिच्याहून लहान मुलांबरोबर खेळतेय. बर्फाचा तोतोरो केलाय. लेकीने प्रत्येक चित्रावर थांबवायला लावलं. दोन मिनिटांच्या पाट्यांना आम्हाला अर्धा तास लागला.

मग तिने विचारलं, "आजी पण हॉस्पिटलमध्ये होती ना?" तिला माहीत होतं. दीड महिना तिला माहीत होतं. शेजारच्या काकूंचं फोनवरचं बोलणं ऐकलं होतं तिने. मी हो म्हटलं. पोटावर टाके घातले होते, आता सुकलेत, दुखतं थोडं, हे सगळं सांगितलं. तिने फक्त एकच विचारलं, टाके म्हणजे सुईनेच का? मी म्हटलं हो. मग झोपली.

आज संध्याकाळी भावाकडे निघालो. कोपऱ्यावर कणसांची गाडी असते तिथे तिने थांबवलं. भाजलेलं नको, पानांसकट पाहिजे. गाडीवाल्याने पोत्यातून एक कोवळं काढून दिलं. रिक्षात तिने आधी पेनाने लिहून पाहिलं, हिरव्या पानावर शाई धरेना. मग माझ्या केसांतली पिन मागितली. 'आ' चांगला आला. 'जी'ची वेलांटी उलटीकडे गेली आणि तिथे पान थोडं फाटलं. तिला दुसरं पान घ्यायचं होतं, पण तोवर घर आलं.

आई आरामखुर्चीत बसली होती. लेकीने कणीस तिच्या मांडीवर ठेवलं आणि पटकन माझ्यामागे येऊन उभी राहिली. आईने चष्मा मागितला.